सागाचे रोपवन सप्टेंबरमध्येच तपकिरी पडले आहे. फवारणी करावी की थांबावे?

वैनगंगाकाठ

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यातल्या एका गावातून लिहीत आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर ग्रामसभेने जंगलाच्या व्यवस्थापनासाठी जी समिती नेमली, तिची मी सदस्य आहे. आमच्या क्षेत्रात ऐन, मोह, तेंदू, धावडा, बीजा असे मिश्र जंगल आहे. त्याच्या एका कडेला सागाचे सलग जुने रोपवन आहे. शिवाय ग्रामसभेने स्वतः पाच वर्षांपूर्वी सुमारे तीन हेक्टरवर साग लावला आहे.

यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुने रोपवन दुरून पाहिले तर वणवा लागून गेल्यासारखे दिसते. पाने झाडावरच आहेत, परंतु हिरवा रंग उरलेला नाही. एक पान तोडून उजेडासमोर धरले, तर त्याच्या आरपार पलीकडचा माणूस दिसतो. लोक घाबरले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी कीटकनाशके विकणाऱ्या एका दुकानदाराने कापसावर वापरतात त्यातलेच एक औषध सुचवले असून, ट्रॅक्टरवरच्या पंपाने रोपवनाच्या कडेने तरी फवारावे असा काही तरुणांचा आग्रह आहे. दुसरे काही जण उन्हाळ्यात खालचा पाचोळा जाळण्याचा उपाय सांगतात, म्हणजे त्यातली कीड मरेल.

माझी अडचण अशी की याच जंगलातील ऐनाच्या झाडांवर आमची ढिवर कुटुंबे कोशाच्या (टसर रेशमाच्या) अळ्या पाळतात आणि सध्या त्यांचे पीक झाडावर आहे. औषध तिकडे उडाले तर त्यांचा हंगाम बुडेल. झाडे खरोखर मरणार आहेत का, आणि मरणार असतील तर कोशाला धक्का न लावता काय करता येईल, हे कोणी जाणकाराने सांगावे. समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे.

जुना वनपाल

वैनगंगाकाठ यांस नमस्कार. माझी नोकरी चंद्रपूर आणि मेळघाट या दोन्हीकडच्या सागवनांत गेली. आपण वर्णन केलेले दृश्य मी कमी-अधिक प्रमाणात बहुतेक वर्षी पाहिले आहे. तरीही उत्तर देण्यापूर्वी मला चार गोष्टी कळणे आवश्यक वाटते, कारण सागाची पाने खाणाऱ्या मुख्य अळ्या दोन आहेत आणि त्या दोघींना एकच समजून केलेला उपाय हमखास चुकतो.

पहिली गोष्ट, पानाच्या बारीक शिरा शाबूत आहेत की त्याही खाल्ल्या गेल्या आहेत? दुसरी, पानावर किंवा पानाच्या मागे अळी सापडली असेल तर तिची लांबी आणि रंग काय आहे? तिसरी, पानाची कड दुमडून शिवल्यासारखी केलेली दिसते का, की पानावर केवळ पातळ रेशमी जाळे आहे? चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आपल्या पाच वर्षांच्या लहान रोपवनात यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला काय झाले होते?

पाचोळा जाळण्याबद्दल आताच सांगतो, की ते कृपया करू नका. आगीत किडीचे काही कोष जळतील हे खरे, परंतु त्या किडीच्या पोटात वाढणारे परजीवी कीटक, कोळी आणि मुंग्याही त्याच पाचोळ्यात असतात. त्यांच्याबरोबर लहान सागाच्या बुंध्याची साल भाजते आणि जमिनीवरची नैसर्गिक रोपेही नाहीशी होतात. पतंग मात्र उडून दुसरीकडून येतातच.

वैनगंगाकाठ

आपण विचारले म्हणून आज सकाळी समितीतील दोघींना घेऊन पुन्हा जाऊन आले. जुन्या रोपवनातील पानांच्या सर्व शिरा, अगदी बारीकसुद्धा, शिल्लक आहेत आणि त्यांच्यामधला हिरवा भाग तेवढा खाल्लेला आहे. पानाच्या मागे पातळ जाळ्याखाली बोटाच्या पेरापेक्षा लांब नसलेल्या हिरवट अळ्या सापडल्या, त्यांच्या अंगावर जांभळट पट्टे आहेत. कड दुमडलेली पाने आढळली नाहीत.

लहान रोपवनाबद्दल विचारलेत, तेव्हा आठवले. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली नवी पालवी चार-पाच दिवसांत नाहीशी झाली होती. त्या वेळी काळपट, अंगावर लांबट रेघा असलेल्या आणि आताच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या अळ्या धाग्याला लोंबकळत खाली उतरताना मुलांनी पाहिल्या. झाडाखाली उभे राहिले की पाऊस पडल्यासारखा बारीक आवाज येत होता. तो अळ्यांच्या लेंड्या पाचोळ्यावर पडण्याचा होता, हे नंतर कळले. ऑगस्टमध्ये झाडांना पुन्हा पाने आली, म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

पानशीर

मी वनस्पतींवरील किडींचा अभ्यास करते आणि हा विषय शिकवते. वैनगंगाकाठ यांनी जी दोन निरीक्षणे नोंदवली आहेत, त्यांतून उत्तर जवळजवळ पूर्ण मिळते, आणि ते असे आहे की गाव आज ज्या रोपवनाची चिंता करत आहे त्याला फारसा धोका नाही. खरे नुकसान जुलैमध्ये लहान रोपवनात होऊन गेले आहे.

सप्टेंबरमधली अळी ही पानाची जाळी करणारी, म्हणजे युटेक्टोना मॅकेरालिस. ती जून, पूर्ण वाढलेल्या पानावर जगते, शिरा सोडून मधला मऊ भाग खाते आणि मध्य भारतात तिची संख्या साधारण ऑगस्टपासून पुढे वाढत जाते. या वेळेपर्यंत सागाने वर्षभराची बहुतेक वाढ करून घेतलेली असते आणि पुढच्या काही महिन्यांत तो ही पाने स्वतःच टाकून देणार असतो. गळायला आलेल्या पानाचे नुकसान झाडाला जाणवत नाही असे मी म्हणणार नाही, पण त्याने चांगले वाढलेले झाड मरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याला नेहमीसारखीच पालवी फुटते. दुरून वणव्यासारखा दिसणारा तो रंग डोळ्याला जितका भीतीदायक वाटतो, तितका तो झाडाला घातक नसतो.

जुलैमधली अळी वेगळी. ती हिब्लिया प्युएरा, पान संपूर्ण फस्त करणारी. तिला कोवळे पान लागते. ती पानाची कड कापून, दुमडून, रेशमाने शिवून त्याखाली राहते आणि मुख्य शिरा सोडून बाकी सर्व खाते. तिचा पतंग आपण ओळखू शकाल: पुढचे पंख करडे-तपकिरी असतात, परंतु मागचे पंख काळसर असून त्यांवर पिवळ्या-नारिंगी रंगाचे ठिपके असतात. एक मादी साधारण पाचशे अंडी घालते, तीही कोवळ्या पानांवर सुटी सुटी. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास तीन आठवड्यांतही पूर्ण होतो, गारव्यात त्याला पाच आठवडे लागतात.

हा हिशेब समजून घेतला की उद्रेक म्हणजे काय ते कळते. पाचशे अंड्यांतून शेवटी दोनच पतंग वाचले, तर किडीची संख्या आहे तेवढीच राहते आणि जंगलात फिरणाऱ्या माणसाला ती दिसतही नाही. दोनच्या ऐवजी वीस वाचले, म्हणजे पाचशेतले चारशे ऐंशी मेले तरीही, एका पिढीत संख्या दहापट होते आणि दोन पिढ्यांत शंभरपट. पक्षी, कोळी, गांधीलमाश्यांच्या कुळातील परजीवी कीटक, विषाणू आणि पाऊस यांनी मिळून रोज जो मार द्यायचा असतो, तो थोडा जरी ढिला पडला तरी महिन्या-दीड महिन्यात झाड उघडे पडते. सागाला एकाच वेळी सर्वत्र नवी पालवी येते आणि एकाच वयाच्या सागाच्या सलग रोपवनात त्या पालवीचा पुरवठा अमर्याद असतो, म्हणून हे तिथे अधिक प्रकर्षाने दिसते.

केरळमधील निलांबूर येथे, जिथे १८४०च्या दशकात भारतातील सुरुवातीची सागाची रोपवने लावली गेली, या किडीचा फार बारकाईने अभ्यास झालेला आहे. केरळ वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील लहान सागावर एक प्रयोग केला. झाडांच्या एका गटाचे किडीपासून पूर्ण संरक्षण केले आणि दुसरा तसाच सोडला. चार ते आठ वर्षे वयाच्या काळात संरक्षण नसलेल्या झाडांची लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी कमी भरली. झाडे मेली नाहीत. ती नेहमीप्रमाणे पुन्हा पालवली, आणि म्हणूनच हे नुकसान कोणाच्या नजरेस येत नाही. शिवाय शेंड्याची कोंब वारंवार खाल्ली गेली की कोवळ्या झाडाला फाटे फुटतात, आणि ज्या सरळ खोडासाठी साग लावला तेच सरळ राहत नाही. आपले तीन हेक्टर नेमके याच वयात आहे.

त्याच संशोधनातून आणखी एक उपयोगाची गोष्ट पुढे आली. मोसमाच्या सुरुवातीला, वळवाच्या सरींनंतर, उद्रेक संपूर्ण जंगलात एकदम होत नाही. तो एखाद-दीड हेक्टरच्या, कधी त्याहून लहान, विखुरलेल्या तुकड्यांत उगवतो. तिथे सापडणाऱ्या अळ्या जवळजवळ एकाच वयाच्या असतात, याचा अर्थ पतंगांचे थवे बाहेरून येऊन एकाच वेळी अंडी घालून जातात. या पहिल्या ठिपक्यांवर लक्ष ठेवता आले, तर तेवढ्याच जागेत उपाय करून पुढचा मोठा फैलाव रोखण्याची संधी मिळते. सप्टेंबरमध्ये ट्रॅक्टर आणण्यापेक्षा जूनमध्ये दर तीन-चार दिवसांनी एक फेरी मारणे म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

आता फवारणीविषयी, आणि इथे मी स्पष्ट बोलणार आहे. कापसावरचे औषध जंगलात नेऊ नका. ज्या कीटकनाशकाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकावर, किती प्रमाणात वापरायचे हे लिहिलेले असते आणि त्यात आपले झाड नसते, ते आपल्या मनाने वापरणे धोक्याचे आहे. उंच झाडावर खालून वर फवारताना औषधाचा तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर आणि अंगावर येतो. २०१७ साली आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही; तिथे पीक माणसाच्या उंचीचे होते, इथे झाड त्याच्या कितीतरी पट उंच आहे. आणि ऐनावरची कोशाची अळी हीसुद्धा अखेर एका पतंगाचीच अळी आहे. जे औषध सागावरच्या अळीला मारते, ते तिलाही मारते. हीच गोष्ट बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेल्या औषधालाही लागू पडते. ते माणसाला आणि मधमाशीला सुरक्षित मानले जाते हे बरोबर आहे, परंतु ते पतंगवर्गीय अळ्यांसाठीच बनवलेले असल्याने कोशाच्या झाडांजवळ त्याचीही फवारणी होता कामा नये.

निलांबूरमध्येच या अळीला रोगी करणारा एक विषाणू सापडला. ज्या अळीच्या पोटात तो जातो ती साधारण तीन दिवसांत मरते, तिचे शरीर पाण्यासारखे होऊन पानावर ओघळते आणि ते खाणाऱ्या इतर अळ्यांनाही लागण होते. या कुळातील विषाणू आपापल्या ठरावीक यजमान कीटकापलीकडे सहसा जात नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. उन्हाने तो निष्प्रभ होतो म्हणून संध्याकाळी फवारावा लागतो, आणि अळ्या लहान असतानाच तो चांगला लागू पडतो. मात्र हे कृषी केंद्रात बाटलीत मिळणारे औषध नाही. त्यासाठी आपल्या ग्रामसभेने जबलपूर येथील उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेला आताच पत्र लिहावे. महाराष्ट्र तिच्या कार्यक्षेत्रात येतो आणि अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म परजीवी कीटकाचा सागाच्या किडींसाठी उपयोग करण्यावरही तिथे काम झालेले आहे.

खाडीकाठची

मी ऐरोलीला राहते आणि ठाणे खाडीच्या कांदळवनात नियमितपणे पक्षी पाहायला जाते. पानशीर यांनी सांगितलेला तो करडे पंख आणि नारिंगी ठिपके असलेला पतंग वाचून लिहावेसे वाटले, कारण तोच पतंग आमच्याकडे तिवरावर येतो. पावसाळा सरत आला की काही वर्षी मुंबई आणि ठाण्याच्या खाडीकाठची तिवरे मैलोन्‌मैल तपकिरी होतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा कोणीतरी रसायन सोडले असावे, किंवा बांधकामासाठी मुद्दाम झाडे मारली असावीत, अशीच आम्हा सर्वांची खात्री झाली होती आणि तक्रारींची पत्रेही तयार होती. नंतर पाने उलटून पाहिली तेव्हा अळ्या सापडल्या. काही आठवड्यांनी त्याच फांद्यांना नवी पालवी फुटली. त्या दिवसांत खाडीवर कोतवाल, वेडे राघू आणि साळुंक्या यांची इतकी गर्दी होती की एरवी तशी मी पाहिलेली नाही.

तिथे खाली भरती-ओहोटीचे पाणी आहे, त्यात मासे आणि खेकडे आहेत, आणि त्यांवर कोळी कुटुंबांचे पोट आहे. तिथे औषध मारण्याचा विचारसुद्धा करता येत नाही. वैनगंगाकाठ यांच्या ऐनावरच्या कोशाची गोष्ट मला म्हणून फार जवळची वाटली.

बालाघाटकर

वरची चर्चा वाचून लोकांना असे वाटू नये की जंगलातली प्रत्येक कीड आपोआप ओसरते, म्हणून आमच्याकडचा अनुभव लिहितो. आम्ही मध्य प्रदेशातील बालाघाटचे मराठी. १९९६ नंतरच्या काही वर्षांत मंडला, बालाघाट आणि आसपासच्या सालवनांत खोडात शिरणाऱ्या भुंग्याचा, ज्याला तिकडे सगळे साल बोरर म्हणतात, जो उद्रेक झाला त्यात लाखो झाडे गेली.

हा भुंगा पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतो आणि सालीच्या भेगांत अंडी घालतो. एरवी निरोगी सालाचे झाड एवढी राळ सोडते की आत शिरणारी कोवळी अळी तिच्यातच बुडून मरते. पण झाडे दुबळी असली, किंवा तोडलेले ओंडके जंगलात पडून राहून त्यांत भुंग्याची संख्या वाढली, की एकेका झाडावर इतक्या अळ्या पडतात की धडधाकट झाडाचीही राळ पुरत नाही. अळी आधी सालीखाली आणि मग थेट गाभ्यापर्यंत पोखरते. झाडाच्या बुंध्याशी भुशाचा ढीग साचलेला दिसला की समजावे. पान गेलेले झाड पुन्हा पालवते. आतून पोखरलेले झाड उभ्या उभ्या वाळते.

त्यावर जो उपाय केला जातो तो माझ्या लहानपणी मी स्वतः पाहिला. पावसाळ्यात सालाची थोडी झाडे ताजी तोडून, त्यांच्या ओंडक्यांवरची साल ठेचून ते ठिकठिकाणी ठेवत. ठेचलेल्या सालीतून पाझरणाऱ्या रसाच्या वासाने दूरदूरचे भुंगे तिथे येत आणि रस पिऊन सुस्त पडत. गावातील माणसे ते वेचत आणि भुंग्यांच्या संख्येप्रमाणे मजुरी मिळे. औषधाचा एक थेंबही न लागता एक एक किडा हाताने उचलायचा, असे ते काम होते. ज्या वर्षी भुंगे कमी असतात त्या वर्षीही हे ओंडके लावून किती येतात ते मोजत राहणे, याला माझ्या मते सर्वांत जास्त महत्त्व आहे.

जुना वनपाल

पानशीर यांचे निदान मला मान्य आहे. एका बाबतीत मात्र माझा अनुभव थोडा वेगळा आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सी. एफ. सी. बीसन यांनी स्वातंत्र्यापूर्वीच असे सांगितले होते की सागाच्या रोपवनांमध्ये नैसर्गिक जंगलाचे पट्टे राखावेत आणि खालची झुडपे सरसकट साफ करू नयेत, कारण त्या झुडपांवरच्या निरुपद्रवी अळ्यांवर किडीचे शत्रू वर्षभर टिकून राहतात. मिश्र जंगलाला लागून असलेले सागाचे कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) मी अनेकदा हिरवे पाहिले आणि तीन-चार किलोमीटरवरचे सलग रोपवन त्याच आठवड्यात उघडे पडलेले पाहिले. ग्रामसभेने नव्या लागवडीत सागाबरोबर बीजा, ऐन, आवळा मिसळावा, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

पानशीर

मिसळ लागवडीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त हिब्लियाच्या बाबतीत तिच्यावर फार विसंबू नये, इतकेच मी म्हणेन. नायर यांच्या गटाने बीसन यांच्या शिफारशी नंतर पुन्हा तपासून पाहिल्या, तेव्हा थव्याने येणाऱ्या पतंगांपुढे स्थानिक परजीवी अपुरे पडतात असे त्यांना आढळले. एका रात्रीत हजारो माद्या येऊन अंडी घालून गेल्या, तर तिथल्या मोजक्या परजीवींना तेवढ्या अळ्या गाठायला वेळच मिळत नाही. मिश्र लागवडीचा फायदा दुसरीकडे आहे: एका जातीवर संकट आले तरी गावाचे सगळे उत्पन्न एकदम जात नाही.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारची बैठक झाली. वरील सर्व उत्तरे मी मोठ्याने वाचून दाखवली आणि जाळी पडलेली व कड शिवलेली अशी दोन वेगळी पाने सर्वांच्या हातांत दिली. शिवलेली पाने लहान रोपवनात जुलैमधल्या वाळक्या फांद्यांवर अजून सापडतात. जुन्या रोपवनात फवारणी करायची नाही आणि पाचोळा जाळायचा नाही, हे एकमताने ठरले. ज्या तरुणांचा फवारणीचा आग्रह होता, त्यांनीच लहान रोपवनाची जबाबदारी मागून घेतली आहे. तिथे चाळीस झाडांना रंगाचा पट्टा मारून, पहिली वळवाची सर आल्यापासून जुलैअखेर दर चौथ्या दिवशी त्यांची पालवी पाहायची आणि किती पानांची कड दुमडलेली आहे ते वहीत लिहायचे, असे ठरले. ज्या झाडांचे शेंडे फाटले आहेत त्यांची सरळ फांदी राखून दुसरी छाटावी का, हे पुढच्या बैठकीत ठरेल.

जबलपूरच्या संस्थेला लिहायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. त्यात कोशाची झाडे सागापासून किती अंतरावर आहेत हे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. एका ढिवर आजीबाईंनी तो पाहून ऐनाची दोन ठिकाणे चुकल्याचे दाखवले, म्हणून आज तो पुन्हा काढत आहोत.